कारण शोधल्याविना उपाय नाही : स्त्रियांची बद्धकोष्ठता आणि तिचे निदान

(वर्षावास व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय आहे स्त्रियांची बद्धकोष्ठता. साध्या भाषेत, पोट साफ न होणे. विहारात बोलण्याचा हा विषय आहे काय, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यांना आम्ही विनयपिटकाची आठवण करून देतो. चुल्लवग्गात शौचकुटीचे नियम सविस्तर दिलेले आहेत. त्यांच्यामागची एक हकीकत अशी की, विहारातील भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचास जात असत. नवदीक्षित भिक्खू आधी येऊनही थोरांसाठी थांबून राहत. वेग दाबून धरल्यामुळे काही जण मूर्च्छित होऊन पडले. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी नियम घालून दिला की, यापुढे ज्येष्ठतेने नव्हे, जो आधी येईल त्याने आधी जावे. त्याच नियमांत कण्हत-कुंथत शौच करू नये, दातवण चावत तेथे बसू नये, कुटी घाण करून ठेवू नये, पाण्याचे भांडे रिकामे ठेवू नये, हेही सांगितले आहे. ज्या धम्माला शौचकुटीची लाज वाटली नाही, त्याच्या उपासकांना ती वाटण्याचे कारण नाही.

पूर्वी विहारात थोरांसाठी कोणी तरी वेग दाबून धरीत होते. आज आपल्या घराघरांत कोण दाबून धरते, याचा विचार करा. वस्तीतील सार्वजनिक संडासापुढे पहाटे रांग लागते. नवऱ्याला कामावर जायचे, मुलांना शाळेत जायचे, सासऱ्यांना थांबवत नाही. घरातील बाई सर्वांचे डबे करून, पाणी भरून, सर्वांच्या शेवटी जाते, किंवा त्या दिवशी जातच नाही. मग पाच-दहा वर्षांनी ती म्हणते, "पोट साफ होत नाही." आणि तिला उत्तर मिळते, "चूर्ण घे."

आमचे आजचे सांगणे एका वाक्यात असे आहे : बद्धकोष्ठता ही तक्रार आहे, तो एक रोग नव्हे. या एका तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात आणि कारण शोधल्याविना दिलेला उपाय हा अंधारात मारलेला दगड होय.

वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात बाबासाहेबांनी अधम्म म्हणजे काय हे सांगताना दैवी चमत्कारावरील विश्वासाचा निषेध केला आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते कारण मानवी कृतीत किंवा निसर्गनियमात सापडते, असा त्याचा आशय आहे. हा विचार पोटाच्या दुखण्यालाही लागू आहे. कोणी म्हणते वाटी सरकली, कोणी म्हणते कोणी काही खाऊ घातले, कोणी म्हणते बाईच्या जातीला हे असायचेच. यांपैकी एकही उत्तर कारणापर्यंत पोहोचत नाही.

बद्धकोष्ठता कशाला म्हणावे?

रोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक निरोगी माणसांत आढळतो. एखादी बाई दिवसाआड जात असेल आणि तिला कसलाही त्रास नसेल, तर तिला औषधाची गरज नाही. उलट, एखादी बाई रोज दोन वेळा जाऊन अर्धा-अर्धा तास कुंथत असेल, तर ती रोज जात असूनही बद्धकोष्ठतेची रुग्ण आहे.

जगभरातील तज्ज्ञांनी 2016 साली जे निकष ठरविले त्यांना रोम निकष म्हणतात. त्यांत सहा लक्षणे आहेत. जोर लावून कुंथावे लागणे, शौचास खडा होणे, जाऊन आल्यावरही पोटात राहिल्यासारखे वाटणे, गुदद्वाराशी काही तरी अडल्यासारखे वाटणे, बोटाने किंवा हाताने दाबून मदत करावी लागणे, आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे. पहिली पाच लक्षणे चारपैकी एकाहून अधिक वेळा घडत असतील तरच ती मोजावयाची. सहांपैकी दोन लक्षणे असतील, ती मागील तीन महिने टिकून असतील आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झाली असेल, तर तिला जुनाट बद्धकोष्ठता म्हणावे.

या सहांपैकी किती वेळा गेली, हा प्रश्न फक्त एका लक्षणात आहे. बाकीची पाच लक्षणे कशी गेली, याविषयी आहेत. डॉक्टर बहुधा "किती वेळा?" एवढेच विचारतात आणि रुग्ण तेवढेच सांगते. निदान चुकण्याची सुरुवात येथेच होते.

तीन बायका, एकच तक्रार

हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून आपण तीन स्त्रियांची कल्पना करू. तिघीही म्हणतात, "पोट साफ होत नाही."

पहिलीला आठवड्यातून एकदाच शौचास होते. मधल्या दिवसांत तिला जावेसेच वाटत नाही. पोट फुगते, भूक मंदावते. हिच्या मोठ्या आतड्याची हालचाल मंद आहे. मोठे आतडे मलातील पाणी शोषून घेते. मल तेथे जितका रेंगाळेल तितका तो कोरडा व कठीण होतो. यास मंदगती बद्धकोष्ठता म्हणता येईल.

दुसरीला रोज जावेसे वाटते, बरेचदा मलही मऊ असतो, पण तो बाहेर येत नाही. बसून बसून पाय बधिर होतात. थोडे होते, पुन्हा जावे लागते. ही अडचण आतड्याची नाही, दाराशी आहे. हिला अवरोधित मलविसर्जन म्हणतात. मऊ मलही जोर लावूनच बाहेर काढावा लागत असेल, तर दाराशी अडथळा आहे असा संशय घेतलाच पाहिजे.

तिसरीचे आतडेही बरे आहे आणि दारही. पण ती सकाळी चहा-खारी खाऊन चार घरची धुणी-भांडी करावयास निघते. कामाच्या ठिकाणी संडास वापरू देत नाहीत, म्हणून पाणी पीत नाही. दुपारी उरलेसुरले खाते. वेग आला तर दाबते. तिचा रोग शरीरापेक्षा परिस्थितीत आहे.

आता या तिघींना एकच चूर्ण दिले तर काय होईल? पहिलीला कदाचित थोडा गुण येईल. दुसरीला पातळ होईल, पण अडथळा तसाच राहील, आणि भरपूर इसबगोल दिला तर पोट अधिकच फुगेल. तिसरी चूर्ण घेऊन कामावर जाऊ शकणार नाही, म्हणून ते बंद करील. औषध एक, बायका तीन, आणि बरी कोणीच नाही. एकाच स्त्रीमध्ये यांपैकी दोन-तीन कारणे एकत्रही असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

दाराशी अडथळा का होतो?

ही बाब नीट समजून घ्यावयास हवी, कारण स्त्रियांत ती वारंवार आढळते व तिचे निदान वारंवार राहून जाते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय यांना ती तोलून धरते. त्यातील एक स्नायू मलाशयाच्या खालच्या टोकाला मागून विळखा घालून पुढे ओढून धरतो. नळी मुडपली की पाणी थांबते, तसे या मुडपण्यामुळे मल थांबून राहतो. शौचाच्या वेळी हा स्नायू सैल पडावा, मार्ग सरळ व्हावा, पोटाचा दाब खाली यावा आणि गुदद्वार उघडावे, अशी निसर्गाची योजना आहे.

काहींच्या बाबतीत कुंथताना हा स्नायू सैल होण्याऐवजी आवळला जातो. म्हणजे एकाच वेळी दार ढकलायचे आणि आतून कडीही लावायची. ही सवय नकळत जडते. बाळंतपणानंतर टाके दुखतील या भीतीने धरून ठेवणे, गुदद्वाराला चीर पडून वेदना होणे, लहानपणी शाळेत संडास नसल्याने दाबून ठेवणे, ही त्यामागची काही कारणे आहेत. ज्या स्त्रीवर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला आहे तिच्यातही हा स्नायू कायम आवळलेला राहू शकतो. डॉक्टरांनी हा प्रश्न एकांतात, हळुवारपणे विचारला पाहिजे. तो विचारला म्हणून रुग्णाने अपमान मानू नये आणि सांगितले म्हणून कोणी तिला दोष देऊ नये.

दुसरा अडथळा रचनेतील असतो. मलाशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. अनेक बाळंतपणे, लांबलेली प्रसूती, चिमट्याने काढलेले मूल, वर्षानुवर्षांचे कुंथणे यांमुळे तो सैल पडतो. मग जोर लावला की मल गुदद्वाराकडे जाण्याऐवजी पुढे योनिमार्गाच्या भिंतीत फुगवटा करतो. अशा स्त्रीला योनिमार्गात बोट घालून मागची भिंत दाबली की शौचास होते. हजारो बायका हे करीत असतील, पण सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. भगिनींनो, यात घाण काही नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. डॉक्टरच्या दृष्टीने ही अत्यंत मोलाची माहिती आहे. जी गोष्ट शोधावयास महागडी तपासणी लागेल, ती तुमच्या एका वाक्यात कळते.

याशिवाय मलाशयाचा आतला थर घडी पडून खाली घसरणे, मलाशय गुदद्वारातून बाहेर येणे, गर्भाशय खाली उतरणे, हेही प्रकार आहेत. "अंग बाहेर येते" एवढेच सांगून थांबू नये. कोठून येते, केव्हा येते, आपोआप आत जाते की हाताने लोटावे लागते, हे सांगावे.

शरीरातील आणि घरातील इतर कारणे

पुरुषांपेक्षा स्त्रियांत बद्धकोष्ठतेचे प्रमाण बरेच अधिक असून काही पाहण्यांत ते सुमारे दुप्पट आढळले आहे. गर्भारपणात संप्रेरकांमुळे आतडे मंदावते व गर्भाशयाचा दाब पडतो. थायरॉईड ग्रंथी मंदावली तर बद्धकोष्ठतेबरोबर थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, पाळीचा त्रास ही लक्षणे दिसतात. मधुमेह, रक्तातील कॅल्शियम वाढणे, कंपवात यांमुळेही आतडे मंदावते. पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी असह्य दुखत असेल, तर गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढण्याचा विकार आहे काय, हे पाहिले पाहिजे.

औषधांचा विचार तर प्रथम करावयास हवा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, काही आम्लपित्तनाशके, कोडीनयुक्त खोकल्याची व दुखण्याची औषधे, नैराश्यावरील काही औषधे, रक्तदाबाची काही औषधे यांनी बद्धकोष्ठता होते. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा संडासला कडक होते म्हणून लोहाची गोळी स्वतःहून बंद करणे घातक आहे. डॉक्टरांना सांगावे. ते गोळीचा प्रकार वा वेळ बदलतील किंवा जोडीला मल मऊ करणारे औषध देतील.

आता अन्नाचे पाहू. मोठ्या माणसाला दिवसाकाठी सुमारे 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी व उसळी, पालेभाज्या, पेरू यांतून तो मिळतो. पण घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाजी उरते काय? काही घरांत बाळंतिणीला पाणी आणि पालेभाजी दोन्ही कमी देतात. टाके असलेल्या बाईला त्यामुळे खडा होतो आणि धरून ठेवण्याची सवय लागते. कारणांची साखळी अशी एकातून एक निघत जाते.

संडासाचा प्रश्न याच साखळीतील एक कडी आहे. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले व लाखो शौचालये बांधली गेली. तरीही वर सांगितलेल्या पाहणीत देशातील 19 टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरीत नसल्याचे दिसले. अंधार पडण्याची वाट पाहणारी बाई वेग दाबते. वेग वारंवार दाबला की मलाशयाची जाणीव बोथट होते. मुंबईत 2011 साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित व मोफत मुताऱ्यांची मागणी केली. तो केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, आरोग्याचा व प्रतिष्ठेचा होता. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

निदानाची पायरी

विद्यार्थ्यांनी ही पायरी क्रमाने लक्षात ठेवावी. पहिली पायरी म्हणजे विचारणे. त्रास केव्हापासून आहे? वेग येतो की येतच नाही? मल कसा असतो? ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी 1997 साली मलाच्या सात प्रकारांचा तक्ता प्रसिद्ध केला. सुट्या कठीण गोळ्यांपासून पाण्यासारख्या मलापर्यंत चित्रे पाहून रुग्णाला बोट ठेवता येते. ज्या भगिनीला लिहिता-वाचता येत नाही, तिलाही तो उपयोगी पडतो. त्यानंतर बाळंतपणे किती, कशी झाली, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती औषधे चालू आहेत, लघवी आवरते काय, बोटाचा आधार घ्यावा लागतो काय, हे विचारावे. दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवली तर निम्मे काम होते.

दुसरी पायरी म्हणजे तपासणे. पोट तपासावे, गुदद्वार पाहावे आणि हातमोजा घालून बोटाने आतून तपासावे. ही तपासणी दोन-तीन मिनिटांची असते. कुंथावयास सांगितल्यावर स्नायू सैल पडतो की आवळतो, भिंतीत फुगवटा येतो काय, गाठ लागते काय, हे अनुभवी बोटाला कळते. लाजेपोटी रुग्ण नको म्हणते, घाईपोटी डॉक्टर टाळतात आणि मूळव्याध समजून मलम दिले जाते. मलाशयाचा कर्करोग मूळव्याध समजून महिनोन्‌महिने अंगावर काढल्याची उदाहरणे वैद्यकात अपरिचित नाहीत. भगिनींनो, स्त्री डॉक्टर मागण्याचा, सोबत बाई असावी असे म्हणण्याचा आणि काय करणार ते आधी विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो वापरा, पण तपासणी टाळू नका.

तिसरी पायरी गरजेपुरत्या चाचण्यांची. प्रथम रक्त, साखर, थायरॉईड, कॅल्शियम. आहार, पाणी, सवयी व मल मऊ करणारी साधी औषधे यांनी काही आठवड्यांत गुण आला तर पुढे जाण्याचे कारण नाही. नाही आला तर विशेष चाचण्या. मलाशयात छोटा फुगा ठेवून त्यात सुमारे 50 मिलिलिटर पाणी भरतात व तो बाहेर टाकण्यास किती वेळ लागतो हे पाहतात. एक-दोन मिनिटांत तो पडला नाही तर दाराशी अडथळ्याचा संशय बळावतो. बारीक नळीने स्नायूंचा दाब मोजतात. मलाशयात क्ष-किरणात दिसणारी लापशी भरून मलविसर्जनाचे चित्र घेतात, किंवा एमआरआयने तेच पाहतात. गती मोजण्यासाठी एका प्रचलित पद्धतीत 24 बारीक कड्या असलेली कॅप्सूल गिळावयास देतात व पाचव्या दिवशी क्ष-किरण चित्रात पाचांहून अधिक कड्या उरल्या तर आतडे मंद आहे असे समजतात. या चाचण्या मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होतात.

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा अनेक स्त्रियांच्या चित्रांतही भिंतीचा छोटा फुगवटा दिसतो. चित्रात दिसले म्हणजे तेच कारण, असे होत नाही. लक्षण, बोटाची तपासणी आणि चित्र यांचा मेळ बसला तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. गरीब बाईच्या शरीरावर निदानाआधी चाकू चालू नये, हा धडा आपण विसरता कामा नये.

निदान झाल्यावर मार्ग दिसतो

कुंथताना स्नायू आवळत असेल तर तो सैल सोडण्याचे शिक्षण देतात. पडद्यावर किंवा आवाजातून स्नायूची हालचाल दाखवून रुग्णाला सराव करवितात. अशा शिक्षणाने निम्म्याहून अधिक रुग्णांना गुण येतो आणि ते केवळ जुलाबाच्या औषधापेक्षा सरस ठरले आहे. थायरॉईड मंद असेल तर त्याचे औषध, गती मंद असेल तर आतड्याला चालना देणारे औषध, भिंत फारच सैल असेल तर आधार किंवा शस्त्रक्रिया. ज्याचे जे कारण, त्याचा तो उपाय.

घरी करण्यासारखेही बरेच आहे. सकाळी उठल्यावर किंवा जेवणानंतर आतडे आपोआप चळते, ती वेळ साधावी. भारतीय पद्धतीने उकिडवे बसल्यास मार्ग सरळ होतो. गुडघेदुखीमुळे खुर्चीसारखा संडास वापरावा लागत असेल तर पायांखाली छोटे स्टूल घेऊन थोडे पुढे वाकावे. श्वास कोंडून जोर लावू नये. पाच-दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. विनयात दातवण चावत बसू नये असे आहे. आजच्या मुलामुलींनी तेथे मोबाईल फोन हा शब्द वाचावा.

मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नये. शौचातून रक्त, कारण नसता वजन घटणे, रक्तक्षय, पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेला त्रास, मल एकाएकी बारीक होणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असल्यास तातडीने तपासून घ्यावे. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

महावग्गात जीवकाची कथा आहे. भगवंतांच्या शरीरात दोष साचले असता त्याने प्रथम काही दिवस तेलाने शरीर स्निग्ध करावयास सांगितले. तीव्र जुलाब देणे योग्य नाही असा विचार करून त्याने कमळांतून, हुंगण्यापुरते सौम्य औषध दिले. वैद्याने आधी माणूस पाहावा, मग औषध योजावे, हा त्याचा बोध. त्याच महावग्गात अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, ही हकीकत आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तिला स्थान दिले. जेथे शास्ता स्वतः हे करतो, तेथे आपण आपल्या आईला, पत्नीला, सुनेला "पोट साफ होते का?" एवढे विचारण्यास लाजावे काय?

तेव्हा संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे. पुढील आरोग्य शिबिरात स्त्रियांसाठी पडद्याआडची स्वतंत्र जागा व स्त्री डॉक्टर ठेवा. विहाराच्या संडासाला आतून कडी, दिवा आणि पाणी आहे ना, ते पाहा. विद्यार्थिनींनी आपल्या शाळा-महाविद्यालयांतील संडासाविषयी अर्ज द्यावेत. पुरुष बांधवांनी उद्या पहाटे रांगेत घरच्या बाईला पुढे उभे करावे. आणि भगिनींनी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर "चूर्ण द्या" असे न म्हणता "माझ्या त्रासाचे कारण शोधा" असे म्हणावे.



जयभीम! नमो बुद्धाय!